आपल्या इमारतीला कायदा कोणता? बेळगाव परिसरातील अपार्टमेंटधारकांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी किंवा संकेश्वर भागात अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला इमारतीच्या कारभाराबद्दल मोबाईलवर जी माहिती मिळते, तिच्यातील बरीचशी महाराष्ट्रातून आलेली असते. पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांची कात्रणे, यूट्यूबवरील वकिलांची व्याख्याने, 'सोसायटीला यापेक्षा जास्त शुल्क घेताच येत नाही' असे ठणकावून सांगणारे व्हॉट्सॲपचे निरोप हे सारे आपल्या भाषेत असल्यामुळे त्यांतला कायदाही आपलाच असावा, असा समज सहज होतो. मग वार्षिक सभेत कोणीतरी उभे राहून बिल्डरकडे 'मानीव अभिहस्तांतरण', म्हणजे जमीन व इमारतीची मालकी संस्थेच्या नावे करून घेण्याचा कायदेशीर मार्ग, का मागत नाही असे विचारतो, दुसरा भाड्याने दिलेल्या फ्लॅटवरील बिगर-भोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांच्या आत असले पाहिजे असे सांगतो आणि सचिवाला काय उत्तर द्यावे ते सुचत नाही. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण त्या महाराष्ट्रातल्या कागलला खऱ्या आहेत. कोगनोळी नाका ओलांडून निपाणीत आले की त्यांचा आधार संपतो.

याचे कारण तारखांत आहे. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ रोजी, चंदगड तालुका वगळून, मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांचा सगळा डोलारा ज्या कायद्यांवर उभा आहे, ते १९६० चा सहकारी संस्था अधिनियम, १९६३ चा मालकी फ्लॅटविषयीचा म्हणजे मोफा कायदा आणि १९७० चा अपार्टमेंट मालकी कायदा हे तिन्ही त्यानंतरचे आहेत, त्यामुळे ते इकडे कधी लागू झालेच नाहीत. आपल्याकडे त्यांच्या जागी १९५९ चा कर्नाटक सहकारी संस्था कायदा, १९७२ चा कर्नाटक मालकी फ्लॅट कायदा आणि १९७२ चाच कर्नाटक अपार्टमेंट मालकी कायदा आहे. दोन्हीकडच्या कायद्यांची नावे जुळ्या भावंडांसारखी असल्याने गोंधळ वाढतो, आणि काही कलमांचा मजकूरही जवळजवळ सारखा आहे. सीमाप्रश्नाबद्दल कोणाचे मत काहीही असो, फ्लॅटचे खरेदीखत ज्या सब-रजिस्ट्रार कचेरीत नोंदले गेले, तिथे चालणारा कायदाच इमारतीला लागू होतो.

म्हणून कायद्यातील बदलांचा मागोवा घेण्याआधी आपली संस्था नेमकी कोणत्या कायद्याखाली उभी आहे, हे ठरवावे लागते. दारावर 'अमुक अपार्टमेंट ओनर्स असोसिएशन' अशी पाटी आहे, शिक्का आहे, बँकेत खाते आहे, एवढ्यावरून ते कळत नाही. कर्नाटकात साधारणपणे तीन प्रकार आढळतात. पहिला प्रकार १९७२ च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालील संघाचा. हा कायदा मुख्यतः निवासी इमारतींसाठी आहे आणि तो आपोआप लागू होत नाही, हे बहुतेकांना ठाऊक नसते. इमारतीच्या एकमेव मालकाने किंवा सर्व मालकांनी मिळून घोषणापत्र, म्हणजे सर्वजण ज्याला 'डीड ऑफ डिक्लरेशन' म्हणतात तो दस्त, करून आणि त्याची नोंदणी करून ती मालमत्ता कायद्याच्या कक्षेत आणावी लागते. दुसरा प्रकार सहकारी संस्थेचा. मालकी फ्लॅट कायद्यात बिल्डरने फ्लॅटधारकांची सहकारी संस्था किंवा कंपनी स्थापन करावी, अशी तरतूद आहे, आणि दुकाने व घरे एकत्र असलेल्या इमारतींत हा मार्ग दिसतो. तिसरा प्रकार १९६० च्या कर्नाटक संस्था नोंदणी कायद्याखालील मंडळाचा. खर्च कमी आणि नोंदणी सोपी म्हणून तो अनेकांनी निवडला, परंतु तो कायदा मुळात धर्मादाय, शैक्षणिक, सांस्कृतिक अशा कामांसाठी आहे. अशा मंडळाला अपार्टमेंट कायद्यातील अधिकार आपोआप मिळत नाहीत, हे कर्नाटक उच्च न्यायालयात गेलेल्या वादांतून पुढे आले आहे. थकबाकीदार फ्लॅटधारक न्यायालयात गेला की त्याचा वकील पहिला प्रश्न संस्थेच्या नोंदणीबद्दल विचारतो, आणि वसुलीचा मूळ मुद्दा बाजूला राहतो.

याशिवाय एक चौथी अवस्थाही आहे, ती म्हणजे काहीच नसण्याची. टिळकवाडी, हिंदवाडी, भाग्यनगर, शहापूर या भागांत जुन्या बंगल्याच्या जागी सहा-आठ फ्लॅटची इमारत उभी राहिली, मालकाने काही फ्लॅट स्वतःकडे ठेवले, बाकीचे विकले, आणि पाणी, वीज व झाडलोटीचा खर्च दरमहा कोणीतरी वहीत मांडून गोळा करतो, असे चित्र सर्रास दिसते. लोक समंजस असतील तोवर ते ठीक चालते. गच्चीवर मोबाईल टॉवर बसवायचा की नाही आणि त्याचे भाडे कोणाचे, असा प्रश्न आला, की त्या वहीला किंमत राहत नाही.

अपार्टमेंट कायद्याखालील इमारतीत सगळ्यांत महत्त्वाचा कागद घोषणापत्र हा आहे, आणि तोच वाचलेला माणूस सहसा सापडत नाही. जमिनीचे वर्णन, इमारतीचे वर्णन, प्रत्येक फ्लॅटचा क्रमांक व क्षेत्र, सामाईक जागा व सुविधा कोणत्या, आणि त्या सामाईक मालमत्तेत प्रत्येक फ्लॅटचा अविभक्त हिस्सा किती टक्के, हे त्यात लिहिलेले असते. ही टक्केवारी फ्लॅटच्या मूल्याचे संपूर्ण मालमत्तेच्या मूल्याशी असलेले प्रमाण पाहून ठरते, ती कायम स्वरूपाची असते, आणि सर्व फ्लॅटधारकांची संमती असल्याखेरीज व सुधारित घोषणापत्र नोंदवल्याखेरीज ती बदलता येत नाही. हा हिस्सा फ्लॅटपासून वेगळा काढून विकताही येत नाही. सामाईक उत्पन्न वाटायचे असो की सामाईक खर्च उचलायचा असो, दोन्हींचे माप हीच टक्केवारी.

समजा एका इमारतीत बारा फ्लॅट आहेत. त्यांपैकी आठ लहान फ्लॅटचा हिस्सा प्रत्येकी ७ टक्के आणि चार मोठ्या फ्लॅटचा प्रत्येकी ११ टक्के आहे. महिन्याचा सामाईक खर्च २४,००० रुपये धरला आणि तो सर्वांत सारखा वाटला, तर प्रत्येकाच्या वाट्याला २,००० रुपये येतात. घोषणापत्राप्रमाणे वाटला तर लहान फ्लॅटला १,६८० आणि मोठ्या फ्लॅटला २,६४० रुपये पडतात. वर्षाकाठी लहान फ्लॅटच्या मालकाचा फरक ३,८४० रुपयांचा होतो, आणि मोठ्या फ्लॅटच्या मालकाचा ७,६८० रुपयांचा. 'सगळ्यांना सारखेच' हा हिशेब कोणालाही पटणारा आणि मांडायला सोपा असतो हे मान्य, परंतु या कायद्याखालील इमारतीत तो सभेत हात वर करून ठरवण्याचा विषय नाही. तळमजल्यावरील कुटुंब लिफ्ट वापरत नाही म्हणून त्यांनी लिफ्टचा खर्च देऊ नये, हा युक्तिवादही येथे चालत नाही. सामाईक सुविधेचा वापर सोडून दिला म्हणून कोणाला तिच्या खर्चातून सुटका मिळणार नाही, असे कायदा स्पष्ट म्हणतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा पुण्यातील एका संकुलाबद्दलचा निकाल बराच गाजला. मोठ्या फ्लॅटधारकांनी देखभालीपोटी जास्त रक्कम दिली पाहिजे, असा तो निकाल होता, आणि त्याची बातमी बेळगावच्या अनेक गटांतही फिरली. ते संकुल महाराष्ट्राच्या १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालील होते. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांमध्ये मात्र आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सरकारने घालून दिलेल्या अंतर्गत नियमांच्या नमुन्याप्रमाणे, सेवाशुल्क सर्व फ्लॅटना सारखे असते. म्हणजे तो निकाल पुण्यातील प्रत्येक सोसायटीलाही लागू नव्हता, मग बेळगावला कुठला लागू होणार! येथे मोठ्या फ्लॅटला जास्त रक्कम पडते ती आपल्या १९७२ च्या कायद्यामुळे, पुण्याच्या निकालामुळे नव्हे. निष्कर्ष योगायोगाने जुळला, तरी सभेच्या इतिवृत्तात कारण चुकीचे लिहिले तर ते पुढे आपल्याच अंगाशी येते.

न्यायालयांचेही तसेच. बेळगाव जिल्ह्यातील प्रकरणे कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाकडे जातात. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आहे आणि तिथले निकाल आता आपल्या वाचनात अधिक येणार आहेत. ते अंतराने जवळचे असले तरी आपल्यावर बंधनकारक नाहीत. वकील फार तर समान मजकुराच्या कलमाचा अर्थ लावताना त्यांचा दाखला देऊ शकतील. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मात्र सर्वत्र लागू होतो. तरी तोही कोणत्या राज्याच्या कोणत्या कायद्यावर दिला आहे, हे पाहावेच लागते.

केंद्राचे कायदे सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखे आहेत, त्यामुळे त्यांच्याबद्दलची मराठी माहिती आपल्यालाही उपयोगी पडते. फक्त अंमलबजावणीची यंत्रणा कोणती, हे तपासावे. २०१६ चा स्थावर संपदा कायदा, म्हणजे रेरा, हे त्याचे उत्तम उदाहरण. कायदा एकच आहे, परंतु आपले प्राधिकरण महारेरा नसून बेंगळुरूतील कर्नाटक रेरा आहे, आणि आपले नियम कर्नाटकाने जुलै २०१७ मध्ये काढलेले आहेत. ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामात किंवा कामाच्या दर्जात दोष आढळला आणि तो बिल्डरच्या नजरेस आणून दिला, तर त्याने तीस दिवसांत तो विनामोबदला दुरुस्त करायचा असतो. ही पाच वर्षे मोजण्यासाठी ताब्याची तारीख कागदावर हवी आणि तक्रार लेखी हवी. वॉचमनमार्फत बिल्डरला पाठवलेला निरोप पुरावा ठरत नाही. रेराने उघडी पार्किंगची जागा सामाईक मालमत्तेत धरलेली आहे. संघ स्थापन होण्यास मदत करणे ही बिल्डरची जबाबदारी आहे, आणि त्यात भाग घेणे हे फ्लॅट घेणाऱ्याचेही कर्तव्य आहे, हा दुसरा भाग सोयीस्करपणे विसरला जातो. मात्र ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरील किंवा आठपर्यंत फ्लॅट असलेल्या प्रकल्पाला रेरा नोंदणीची सक्ती नाही, आणि आपल्या शहरातील बऱ्याच लहान इमारती त्या सवलतीत बसतात.

देखभाल खर्चावर १८ टक्के जीएसटी लागणार, या निरोपाने दर वर्षी कोणाची तरी झोप उडते. संघाने सदस्याकडून घेतलेली रक्कम दरमहा ७,५०० रुपयांपर्यंत असेल, तर त्यावर हा कर नाही, आणि संघाची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल, तर सहसा नोंदणीचाही प्रश्न येत नाही. वरच्या उदाहरणातील बारा फ्लॅटच्या इमारतीची वर्षाची उलाढाल तीन लाखांनाही पोहोचत नाही. रक्कम ७,५०० च्या वर गेली तर कर पूर्ण रकमेवर की फक्त वरच्या भागावर, याबाबत केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाचे २०१९ चे परिपत्रक पूर्ण रकमेवर म्हणते आणि मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये फक्त वरच्या भागावर असे म्हटले. तो वाद मोठ्या शहरांतील आलिशान संकुलांचा आहे, आपण त्यात वेळ घालवू नये. संघाच्या मुदतठेवीवरील व्याज मात्र सदस्यांच्या वर्गणीसारखे आयकरातून सुटत नाही, ही गोष्ट लहान इमारतींनाही लागू आहे आणि तिच्याकडे लक्ष कमी असते.

आता कोणता कागद कोणाच्या वर, हे पाहू. सर्वांत वर केंद्राचे व राज्याचे कायदे, त्यांखाली त्या कायद्यांचे नियम, मग नोंदवलेले घोषणापत्र, मग उपविधी, त्यांखाली सर्वसाधारण सभेचे ठराव आणि सर्वांत शेवटी समितीच्या सूचना. खालच्याला वरच्याविरुद्ध जाता येत नाही. जिन्याखाली चिकटवलेल्या सूचनेने उपविधी बदलत नाहीत आणि एकमताच्या ठरावानेही कायदा बाजूला सरत नाही. रस्त्यावरच्या कुत्र्यांना आवारात खाऊ घालणाऱ्यास दंड, असा ठराव अनेक ठिकाणी उत्साहाने होतो. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी मात्र अशा प्राण्यांना खाऊ घालण्याची योग्य व्यवस्था करण्याची जबाबदारी रहिवासी संघावरच टाकली आहे. मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्यापासून व येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर जागा ठरवून देणे आणि वेळ नेमणे, एवढे संघाच्या हातात आहे. सरसकट बंदी नाही. नियम आवडो वा न आवडो, त्याच्याविरुद्ध केलेला ठराव टिकत नाही.

उपविधींच्या बाबतीत एक चूक मात्र इतकी सार्वत्रिक आहे की तिच्यासाठी थोडे थांबले पाहिजे. वार्षिक सभेत 'भाडेकरू ठेवताना समितीचे ना-हरकत पत्र घ्यावे' किंवा 'थकबाकीवर व्याज आकारावे' असा बदल मांडला जातो, सर्वजण हो म्हणतात, सचिव प्रोसिडिंग बुकात तो लिहून काढतो, खाली पंधरा सह्या होतात आणि उपविधी बदलले असे सर्वजण समजतात. अपार्टमेंट कायद्याप्रमाणे उपविधींची प्रत घोषणापत्राला जोडलेली असते आणि उपविधींतील कोणताही बदल घोषणापत्राच्या दुरुस्तीत मांडून ती दुरुस्ती रीतसर नोंदवल्याशिवाय वैध ठरत नाही. म्हणजे पंधरा सह्यांच्या त्या पानानंतरही सब-रजिस्ट्रार कचेरीची पायरी चढावी लागते. शिवाय अनेक उपविधींमध्ये दुरुस्तीसाठी हजर सदस्यांचे साधे बहुमत पुरत नाही, सर्व फ्लॅटच्या एकूण मूल्यापैकी ७५ टक्के मूल्याच्या मालकांची मान्यता लागते. येथे डोकी मोजायची नसून हिस्से मोजायचे असतात. आपल्या बारा फ्लॅटच्या उदाहरणात चारही मोठ्या फ्लॅटचे मालक विरोधात गेले, तर उरलेले आठजण म्हणजे ५६ टक्केच होतात, आणि सभेत दोनतृतीयांश लोक बाजूने असूनही दुरुस्ती पडते. दुरुस्तीचा खर्च व दगदग पाहता, वर्षभर सुचलेले बदल एका यादीत जमवून दोन-तीन वर्षांतून एकदा एकत्र नोंदवावेत, असे माझे मत आहे. दर सभेला एक नवे कलम काढण्याचा सोस इमारतीला परवडत नाही.

फ्लॅट विकत घेणाऱ्याने हे सगळे उलट्या बाजूनेही पाहावे. सामाईक खर्चाची थकबाकी त्या फ्लॅटवरील बोजा ठरते. सरकारी व पालिका कर आणि पहिले गहाण वगळता तिचा क्रम बराच वर असतो, आणि विकणारा व घेणारा दोघेही तिला जबाबदार धरले जातात. म्हणून इसार, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम, देण्याआधी थकबाकी नसल्याचे संघाचे पत्र मागावे, आणि त्याच वेळी घोषणापत्राचा दस्त क्रमांकही विचारावा. तो सांगता आला नाही, तर आपण कोणत्या प्रकारच्या इमारतीत शिरत आहोत, हे तिथेच कळते. दस्त क्रमांक मिळाला की कर्नाटकाच्या कावेरी ऑनलाइन सेवेतून किंवा सब-रजिस्ट्रार कचेरीतून प्रमाणित नक्कल काढता येते.

प्रत्यक्ष बदलांवर नजर ठेवण्याची वेळ येते, तेव्हा सर्वांत आधी बातमी आणि कायदा यांतील अंतर ओळखले पाहिजे. मंत्री बोलले, मसुदा जाहीर झाला, मंत्रिमंडळाने मान्यता दिली, विधेयक विधानसभेत मांडले, दोन्ही सभागृहांत संमत झाले, राज्यपालांची संमती मिळाली, राजपत्रात प्रसिद्ध झाले, अंमलाची तारीख ठरली आणि नंतर नियम आले, इतके टप्पे असतात, आणि वर्तमानपत्राचा मथळा यांतील कोणत्याही टप्प्यावर 'नवा कायदा' असाच येतो. हिवाळी अधिवेशन बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये भरते, त्या दिवसांत तर अशा मथळ्यांचे पीकच येते. राजपत्रातील क्रमांक आणि अंमलाची तारीख हाती येईपर्यंत संघाने काहीही बदलू नये. कर्नाटकाच्या संसदीय व्यवहार व विधी खात्याच्या संकेतस्थळावर राज्याचे कायदे दुरुस्त्यांसह मिळतात, केंद्राचे कायदे 'इंडिया कोड' या सरकारी संकेतस्थळावर मिळतात, आणि दोन्ही विनामूल्य आहेत.

निकालाचा परिणाम मात्र कधीकधी कायदा न बदलताही घरापर्यंत येतो. १७ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा बांधकामांच्या एका प्रकरणात, पूर्णत्वाचे किंवा भोगवटा प्रमाणपत्र पाहूनच वीज-पाण्याची जोडणी द्यावी, असे निर्देश दिले, आणि त्यानंतर राज्यातील वीज कंपन्या नव्या जोडणीसाठी ते मागू लागल्या. आपल्या भागातील वीज कंपनी हेस्कॉमच्या खिडकीवर अर्ज अडल्यानंतरच ज्यांना भोगवटा प्रमाणपत्राची आठवण झाली, त्यांची धावपळ अनेकांनी पाहिली असेल. ई-खात्याचेही, म्हणजे स्थानिक संस्थेकडील मालमत्तेच्या संगणकीकृत नोंदीचेही, तसेच झाले. मालमत्तेच्या दस्तनोंदणीला ई-खाता लागू लागल्यावर जुन्या इमारतींतील कित्येक फ्लॅटचे स्वतंत्र खातेच उघडलेले नाही, हे विक्रीच्या तोंडावर उघड झाले.

भाषेची अडचण लपवून उपयोग नाही. घोषणापत्र इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये, पालिकेची नोटीस कन्नडमध्ये आणि वाचणारे निवृत्त गृहस्थ मराठी शाळेत शिकलेले, अशी आपल्याकडील स्थिती आहे. राज्याच्या कायद्यांचे राज्यपालांच्या अधिकाराने प्रसिद्ध झालेले इंग्रजी भाषांतर राज्यघटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदानुसार इंग्रजीतील अधिकृत पाठ मानले जाते, त्यामुळे कन्नड वाचता येत नाही म्हणून कायदाच वाचता येत नाही, असे नाही. संघाने घोषणापत्र व उपविधी यांचा चार-पाच पानी मराठी गोषवारा करून प्रत्येक घरी द्यावा, आणि कन्नड सदस्य असतील तर कन्नडमध्येही. गोषवाऱ्याच्या पहिल्याच ओळीत 'मतभेद झाल्यास मूळ नोंदवलेला दस्तच ग्राह्य' असे लिहावे. पालिकेची किंवा खात्याची नोटीस आली, तर तिच्यावरील दिनांक, कलम आणि उत्तराची मुदत या तीन गोष्टी त्याच दिवशी कोणाकडून तरी वाचून घ्याव्यात. बाकीचा मजकूर दुसऱ्या दिवशी वाचला तरी चालतो, मुदत मात्र थांबत नाही.

समितीत एका सदस्याकडे हे काम नेमून द्यावे, आणि तो सचिव नसावा, कारण सचिवाचा वेळ पाण्याच्या टँकरमध्ये आणि लिफ्टच्या तक्रारींतच जातो. त्याने एक साधी वही ठेवावी. कोणताही निरोप, बातमी किंवा नोटीस आली की तिच्यापुढे तो कायदा केंद्राचा, कर्नाटकाचा की महाराष्ट्राचा, कोणत्या कलमाचा, आपल्या प्रकारच्या संस्थेला लागू आहे का आणि कोणत्या तारखेपासून, एवढे लिहावे. निम्म्याहून अधिक निरोप पहिल्याच प्रश्नाला गळून पडतील. उरलेल्यांपैकी कृती कशावर करायची, ते समितीच्या बैठकीत ठरवून ठरावाचा क्रमांक त्याच ओळीत टाकावा. त्याच सदस्याकडे कागदांची पेटीही असावी. घोषणापत्राची प्रमाणित नक्कल, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, रेरा नोंदणी असल्यास तिचा क्रमांक, पॅन, लेखापरीक्षण अहवाल आणि २०१२ च्या कर्नाटक लिफ्ट कायद्याप्रमाणे लागणारा लिफ्टचा परवाना हे सगळे त्या पेटीत असावे. माजी अध्यक्षांच्या घरच्या कपाटात अडकलेले कागद नव्या समितीला मिळवता मिळवता नाकीनऊ येतात, हे ज्याने भोगले आहे त्याला वेगळे सांगायला नको.

बिनशेती प्लॉटच्या लेआउटमध्ये राहणाऱ्यांसाठी थोडक्यात एवढेच. तिथे अपार्टमेंट कायदा लागू होत नाही. मंजूर लेआउटमधील रस्ते व उद्याने ही स्थानिक संस्थेकडे किंवा बुडासारख्या (बेळगाव नगरविकास) प्राधिकरणाकडे सोपवायची असतात, आणि एकदा ती सोपवली की त्या रस्त्यावर फाटक लावून बाहेरच्यांना अडवण्याचा अधिकार कॉलनीच्या मंडळाला उरत नाही. अशा मंडळाला १९६० चा संस्था नोंदणी कायदा योग्य आहे, आणि त्याखालील वार्षिक यादी व हिशेब वेळेवर दाखल करणे हेच त्याचे मुख्य काम.

शेवटचा विषय १९७२ च्या कायद्याच्या जागी येऊ घातलेल्या नव्या कायद्याचा. पन्नास वर्षांपूर्वीचा हा कायदा आजच्या संकुलांना अपुरा पडतो, ही तक्रार बेंगळुरूतील फ्लॅटधारक बरीच वर्षे करत आहेत, आणि सरकारकडूनही नव्या कायद्याची भाषा होत असते. तो जेव्हा खरोखर राजपत्रात येईल, तेव्हा व्याख्या, अधिकार व दंड यांची पाने उलटण्याआधी शेवटाकडील 'निरसन व व्यावृत्ती', म्हणजे जुना कायदा रद्द करून त्यातले काय चालू राहील ते सांगणारे, कलम उघडावे. जुन्या कायद्याखाली नोंदवलेली घोषणापत्रे व उपविधी तशीच चालू राहतील की ठरावीक मुदतीत नव्याने नोंदवावी लागतील, आधीपासून असलेल्या संघांना नवी नोंदणी घ्यावी लागेल का, आणि घ्यावी लागणार असेल तर कोणत्या अधिकाऱ्याकडे, हे तिथे किंवा त्याच्या आसपासच्या कलमांत लिहिलेले असते. ज्या इमारतींनी आजवर घोषणापत्रच केलेले नाही, त्यांनी नव्या कायद्याची वाट पाहत थांबू नये, कारण सर्व मालकांच्या सह्या गोळा करण्याचे काम कोणत्याही कायद्याखाली करावेच लागणार आहे, आणि एखादा मालक परदेशी गेला किंवा वारल्यावर वारसांची नावे लागायची राहिली, की तेच काम दरवर्षी अधिक कठीण होत जाते.